इंजिन धडधडतंय, पण सॉकेटला करंट नाही

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर इथेच कळेल. जुनी ट्रॅव्हलर घेऊन तुम्ही तिचा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची गाडी, केलाय. मागच्या डिकीत पत्र्याची पेटी करून तिच्यात ३.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बसवलाय. तो सेल्फ स्टार्टचा आहे, आत फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एव्हीआर आहे. गाडीत एक टनाचा एसी, फ्रिज आणि तीन लिटरचा गीझर आहे. नळदुर्गला मुक्काम केला तेव्हा इंजिन मस्त चालू होतं, पण करंटच नव्हता. दुसऱ्या दिवशी सोलापुरात घरी येऊन चालू केला तर करंट आपोआप आला. दुपारी एसी लावला की अर्ध्या तासाने जनरेटर सेटवरचा ब्रेकर पडतो. गाडी घरच्या प्लगला जोडली की घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. आणि मधूनच सेल्फ नुसता टकटक करतो. दुकानात दाखवल्यावर सांगितलं, ‘वाइंडिंग गेलंय, भरून घ्या.’

भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, घेऊ नका. निदान अजून तरी नाही. आपल्या गावात यंत्रमागांमुळे मोटार भरणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे हात इतके बसलेत की कॉइल दिसली की भरायलाच घेतात. जळालेलं वाइंडिंग मात्र नळदुर्गला करंट देत नाही आणि सोलापुरात देतं, असं करत नाही. ते जळतं तेव्हा वार्निशचा वास सुटतो, तारा काळ्या पडतात, आणि एकदा गेलं की गेलं. तुमचा बिघाड येतो-जातो. येणारा-जाणारा बिघाड म्हटलं की मी सांध्यावरच संशय घेतो: एखादा नट, एखादा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), एखादा प्लग, एखादा ब्रश. दुकानाबाहेर फरशीवर ठेवलेला जनरेटर फक्त स्वतःच्या इंजिनाने हलतो. गाडीतला त्याशिवाय रस्त्यानेही हलतो, अगदी बंद असतानासुद्धा.

गड्डा यात्रेतला एक किस्सा सांगतो. होम मैदानावर संक्रांतीच्या यात्रेत एका रांगेतल्या स्टॉलचे दिवे फटाफट फुटायला लागले आणि शेजारच्या रांगेतले मिणमिणायला लागले. सगळे म्हणाले, जनरेटर खराब आहे, बदला. तीन फेजचा सेट होता. मी झाकण काढलं तर न्यूट्रलचा नट हाताने फिरत होता. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी त्याच्यावर व्होल्टेज चढतं, ज्याच्यावर लोड जास्त तिथे उतरतं. एक स्प्रिंग वॉशर टाकून नट आवळला आणि पाळणे पुन्हा फिरायला लागले. तुमचा सेट सिंगल फेज आहे, त्यामुळे नेमका हाच प्रकार तुमच्याकडे होणार नाही. पण तेव्हापासून कुठलाही सेट आला की मी आधी पाना घेतो, मीटर नंतर.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट म्हणजे बिघाडाचे दोन तुकडे करायचे: सेट आणि गाडी. गाडीकडे जाणारा प्लग सेटवरून काढून टाका. सेट उघड्यावर घ्या किंवा पेटीचं दार पूर्ण उघडा, चालू करा आणि सेटच्याच सॉकेटवर मल्टिमीटर लावा. तिथे २३० च्या आसपास व्होल्ट मिळाले तर सेट बरा आहे आणि तुम्हाला गाडीतली वायरिंग शोधायची आहे. मिळाले नाहीत तर गाडीकडे बघूच नका. हे एवढं न केल्यामुळे लोकांनी चांगले एव्हीआर बदललेले मी पाहिलेत. आणि सेटवरचा ब्रेकर वर आहे ना, हेही बघा. हसू नका, मी स्वतः एकदा त्यात अर्धा तास घालवलाय.

टेस्टरवर मात्र विश्वास ठेवू नका. छोट्या सेटमध्ये न्यूट्रल बहुतेक वेळा बॉडीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. अशा वेळी टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटतो, नाहीतर कुठेच पेटत नाही, आणि माणूस उगाच गोंधळतो. हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर आणि वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा एक क्लॅम्प मीटर घ्या. कॅम्पर घेऊन फिरणाऱ्याच्या गाडीत स्टेपनीइतकीच या दोन वस्तूंची गरज आहे.

मीटर काय दाखवतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. व्होल्टेज नुसतं २ ते ८ असेल तर रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडात उरलेलं चुंबकत्व शाबूत आहे, पण त्याला पुढे वाढवणारा करंट रोटरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ब्रश, स्लिप रिंग (ब्रश जिच्यावर घासतो ती कडी), एव्हीआर किंवा रोटरची कॉइल. अगदी शून्य असेल तर ब्रेकर, सॉकेट, मुख्य कॉइलची तुटलेली तार, नाहीतर चुंबकत्वच उतरलेलं. २८० च्या वर गेलं तर लगेच बंद करा. एव्हीआरला बाहेरचं व्होल्टेज कळेनासं झालंय आणि तो भरमसाट करंट सोडतोय, फ्रिजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडायला वेळ लागणार नाही. १८०-१९० असेल तर आधी हर्ट्झ बघा.

हर्ट्झचं (विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांचं) थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त चुका होतात. तुमच्या सेटच्या रोटरला चुंबकाचे दोन पोल आहेत, म्हणजे ५० हर्ट्झसाठी इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरलं पाहिजे. लोड नसताना ५२ च्या आसपास आणि पूर्ण लोडवर ५० च्या आसपास असणं चांगलं. ४६-४७ ला आलं तर तो विजेचा दोष नाही, इंजिन दमतंय. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, एअर फिल्टर दोन-तीन सहलींत चोंदतो. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की कार्बोरेटरचा जेट बुजतो, आणि हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यामुळे ते ओलही धरतं. मग इंजिन वर-खाली करतं, दिवे लुकलुकतात आणि माणूस वायरमनला बोलावतो. उलट कोणी ‘व्होल्टेज वाढवून देतो’ म्हणत इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू फिरवला असेल, तर एव्हीआर व्होल्टेज २३० वर धरून ठेवतो, पण हर्ट्झ ५६-५७ होतात. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्याला ते कळतच नाही.

तुमच्या नळदुर्गच्या प्रकारात माझा संशय ब्रशवर आहे. कारण असं. चुंबकत्व उतरलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी आपोआप परत आलं नसतं. एव्हीआर मेला असता तर मेलाच राहिला असता. मधे फक्त एक गोष्ट घडली: गाडी हैदराबाद रस्त्याने परत आली, हादरली आणि अडकलेलं काहीतरी जागेवर बसलं. ते एकतर होल्डरमध्ये अडकणारा ब्रश असणार, नाहीतर एव्हीआरचा सैल प्लग.

सेट बंद करा, स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा म्हणजे चुकून चालू होणार नाही, आणि मागचं झाकण उघडा. ब्रश होल्डरला जाणाऱ्या दोन वायरींत प्लस-मायनस कुठली, त्याचा आधी फोटो काढा. मग होल्डर बाहेर घ्या. ब्रश बोटाने दाबून सोडला की स्प्रिंगने झटकन बाहेर आला पाहिजे. अडकत असेल तर कार्बनची पूड आणि धूळ साफ करा. ब्रश झिजून पाच-सहा मिलिमीटर उरला असेल तर जोडी बदला, स्वस्तात मिळते. स्लिप रिंगा तांब्याच्या रंगाच्या आणि गुळगुळीत असाव्यात. काळा थर असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, एमरी पेपर नको, त्याची पूड वीजवाहक असते. मग मीटर ओमवर ठेवून दोन रिंगांवर लावा. छोट्या सेटमध्ये बहुधा ४० ते ८० ओमच्या मधला आकडा येतो. अनंत आला तर कॉइल तुटली, दोन-चार ओम आला तर शॉर्ट. एक टोक रिंगवर आणि दुसरं शाफ्टवर लावलं तर काहीच दिसायला नको. हा आकडा बरोबर आला तर रोटर भरायचा प्रश्नच मिटला. दुकानदाराला तो आकडा सांगा आणि तो काय म्हणतो ते मलाही कळवा!

पुढे कधी व्होल्टेज अगदी शून्य झालं आणि वायरी-ब्रेकर ठीक असले, तर रोटरला चुंबकत्व परत द्यावं लागतं. लोड चालू असतानाच पेट्रोल संपवून सेट बंद पाडायची सवय असेल तर ते उतरतं. नेहमी आधी लोड बंद, दोन मिनिटं सेट मोकळा चालवायचा, मग इंजिन बंद. परत द्यायची पद्धत अशी: सेटला काहीही जोडलेलं नको. एव्हीआरचा प्लग काढून ठेवायचा, इंजिन चालू करायचं आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसच्या ब्रशला, मायनस मायनसच्या ब्रशला दोन-तीन सेकंद लावायचा. त्या वेळी मीटर सॉकेटवर लावून ठेवला तर एक फुकट चाचणीही होते. १२ व्होल्ट दिल्यावर सॉकेटवर पन्नास-साठ व्होल्ट दिसले, सेटप्रमाणे कमी-जास्त, तर रोटर आणि स्टेटर (स्थिर भागातली मुख्य कॉइल) दोन्ही धडधाकट आहेत आणि दोषी एव्हीआर किंवा त्याला वीज देणारी छोटी कॉइल आहे. हे फिरत्या यंत्राजवळचं काम आहे. सैल बाह्या, हातातलं कडं, अंगठी काहीही नको, आणि हात धीट नसेल तर वायरमनकडून करून घ्या. एव्हीआर राळेत बुडवलेला असतो, तो दुरुस्त होत नाही, सरळ बदलायचा.

आता एसीचं. तुम्ही लिहिलंत की अर्ध्या तासाने ब्रेकर पडतो. हे ‘अर्ध्या तासाने’ फार महत्त्वाचं आहे. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटाच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढतो. सेट त्याला पुरत नसता तर पहिल्याच सेकंदाला घरघरला असता किंवा पडला असता. अर्ध्या तासाने पडतो म्हणजे ती उष्णतेची गोष्ट आहे. ब्रेकर आतून तापतो आणि सुटतो.

हिशोब बघा. ३.५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला साधारण १५ अँपियर. तुमचा एक टनाचा एसी चालू असताना पाचच्या आसपास घेतो, म्हणजे तो एकटा असेल तर भरपूर जागा आहे. पण तीन लिटरचे इन्स्टंट गीझर बहुतेक ३ किलोवॉटचे असतात, एकटा १३ अँपियर ओढतो. दुपारी गीझर कोण लावतो म्हणाल, पण स्विच चालू राहिलेला असतो आणि पाणी निवलं की तो मधूनच लागतो. गाडीचा गीझर बदलून एक किलोवॉटचा घ्या, असा माझा सरळ सल्ला आहे. आधी त्याच्या पाटीवरचा आकडा वाचा.

गीझर बंद असूनही ब्रेकर पडत असेल तर दोन जागा उरतात. एक, ब्रेकरचाच सांधा. वीस मिनिटं एसी चालवा, सेट बंद करा आणि लगेच ब्रेकरच्या दोन्ही स्क्रूंना बोट लावून बघा. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तोच सैल. सैल सांधा तापतो, ती उष्णता ब्रेकरमध्ये शिरते आणि करंट बेताचा असूनही तो सुटतो. गाडीत नेहमी बारीक तारांची लवचीक तांब्याची वायर वापरा, टोकाला दाबून बसवलेला लग हवा. सिंगल तारेची वायर हलून हलून स्क्रूच्या तोंडाशीच मोडते, वरून काहीच दिसत नाही. पीळ मारून टेप लावलेला जोड तर गाडीत नकोच.

दुसरी जागा म्हणजे ती पेटी. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतं, त्यात पत्र्याच्या बंद पेटीत इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. ब्रेकर, एव्हीआर आणि इंजिन तिघंही गुदमरतात. खात्री करायला सोपा प्रयोग आहे. मंडपवाल्याकडून हजार वॉटचे दोन हॅलोजन मागून आणा. सेट बाहेर जमिनीवर सावलीत ठेवा आणि दोन्ही हॅलोजन तासभर चालवा. मग तेच पेटीत. बाहेर टिकला आणि पेटीत पडला तर सेटला हात लावू नका, पेटी कापा. खालून थंड हवा आत, दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर, आणि इंजिनाच्या पंख्याच्या दिशेनेच. सायलेन्सरचा धूर पेटीबाहेर आणि गाडीच्या खिडक्यांपासून लांब गेला पाहिजे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. गाडीत त्याचा अलार्म लावा. बाकी काही नाही केलं तरी हे करा.

घरचा आरसीसीबी पडतो, हे मात्र बिघाडापेक्षा जोडणीची चूक वाटते. तुमची वायरिंग करणाऱ्याने बहुधा चांगल्या हेतूने गाडीच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेत. जनरेटरवर असताना तो जोड हवाच. न्यूट्रल तरंगता असेल तर एखादी वायर पत्र्याला लागली तरी करंटला परत जायला वाट नसते, आणि गाडीतला आरसीसीबी पडणारच नाही. त्याचं टेस्ट बटण दाबलं तर पडतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण बटणाचा मार्ग आतल्या आतच फेजमधून न्यूट्रलला जातो, त्याला अर्थिंगशी घेणंदेणं नसतं.

घरी मात्र महावितरणच्या पुरवठ्यावर न्यूट्रल आधीच पलीकडे अर्थ झालेला असतो. तुमच्या गाडीत तो दुसऱ्यांदा जोडला गेला की परतीचा काही करंट न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या वायरने जातो. आरसीसीबीला जाणारा-येणारा करंट जुळत नाही, फरक ३० मिलिअँपियरच्या पुढे गेला की तो पडतो. तो आपलं काम चोख करतोय, त्याला बदलू नका, आणि ‘बायपास’ तर अजिबात करू नका.

उपाय असा: फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा दोन पोलचा चेंजओव्हर (जनरेटर की घरचा पुरवठा ते निवडणारा स्विच) बसवायचा आणि न्यूट्रल-अर्थचा जोड चेंजओव्हरच्या अलीकडे, जनरेटरच्या बाजूला ठेवायचा. मग घरच्या प्लगवर गेलात की तो जोड आपोआप बाजूला राहतो. गाडीचा आरसीसीबी चेंजओव्हरच्या पलीकडे, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांवर तो राखण करेल. आधी सेट बंद ठेवून त्याच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांवर मीटरची बीप लावून बघा. बीप वाजली तर सेटमध्ये जोड आतूनच आहे, दुसरा करायचा नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. दोन्ही टोकांना नर प्लग असलेली वायर करून जनरेटर घराच्या सॉकेटला जोडायची जुगाडू पद्धत कोणी सुचवली, तर त्याला घरात घेऊ नका. ती वीज उलटी खांबावर जाते आणि वर चढलेला लाइनमन तिला बंद समजलेला असतो.

हा जोड काढूनही आरसीसीबी पडत असेल तर एकेक उपकरण प्लग काढून बघा, नुसता स्विच बंद करून नाही. माझा पहिला संशय पुन्हा गीझरच्या एलिमेंटवर.

सेल्फच्या टकटकीला फार वेळ देत नाही. बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. तिथे ठीक असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर बॉडी अर्थ खराब. पेटीत सेट रबरी पायांवर बसवलेला असतो, म्हणजे इंजिन गाडीच्या पत्र्यापासून वेगळंच असतं. जाड अर्थ पट्टी नसेल तर सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलने परतायचा प्रयत्न करतो. केबल गरम लागत असेल तर कारण हेच. पट्टीखालचा रंग घासून काढा आणि मगच नट आवळा.

आणि हो, उजनीच्या काठावर उतारावर गाडी लावल्यावर सेट पाच मिनिटांत बंद पडला, तर इंजिनाची इग्निशन कॉइल बदलायला धावू नका. ऑइल कमी असल्याचं सांगणारा सेन्सर उताराने फसतो आणि स्पार्क बंद करतो. गाडी सपाट जागेवर घ्या, ऑइल बघा.

पावसाळ्यात सेट भिजला असेल तर चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) स्टेटर तपासायचा, एव्हीआर काढून ठेवून. एक मेगाओमच्या खाली आला तर पेटीत साठ वॉटचा जुना बल्ब रात्रभर पेटवून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. मेगर तुमच्याकडे नसणार, माझ्याकडे आहे.

तर या रविवारी एवढंच करा. ब्रश होल्डर काढून त्याचा आणि स्लिप रिंगांचा उजेडात फोटो काढा, दोन रिंगांमधले ओम लिहून घ्या. एसी चालू असताना सेटच्या सॉकेटवरचे आणि एसीच्या टोकावरचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. दोन्हींत पाच-सहा व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधल्या वायरीत सांधा सैल आहे. गीझरच्या पाटीचाही फोटो पाठवा. घरच्या प्लगला मात्र तोवर गाडी लावू नका.